जांभळीच्या पुलाला सात गुण

नवनाथ सांगळे या गृहस्थाबद्दल चांगलं लिहावं असं मला कधी वाटलं नाही, आणि आजही फारसं वाटत नाही. वीस वर्षं मी त्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसलो. माणूस ओळखायला एवढं पुरतं. आमच्या रस्ते-पुलांच्या ऑफिसात तो शाखा अभियंता होता आणि मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. हुद्द्याने तो वर, वयाने मी दोन वर्षांनी मोठा. म्हणून तो मला ‘रंगनाथराव’ म्हणायचा आणि मी त्याला तोंडावर ‘साहेब’. मनात काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

त्याचं अक्षर मात्र देखणं होतं. हे कबूल करायलाच हवं, कारण पुढची सगळी भानगड त्या अक्षरापासून सुरू होते. सिन्नरजवळच्या खेड्यातून आलेला मुलगा. जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. पुढे डिप्लोमा झाला, नोकरी लागली, गंगापूर रोडला फ्लॅट झाला, आणि या सगळ्या वाटचालीत त्याची शिरोरेघ कधी वाकडी झाली नाही. निळी-काळी शाई, पट्टी आणि रजिस्टर. रजिस्टरला तो खाकी कागदाचं कव्हर घालायचा आणि दर वर्षी ते बदलायचा. पुलांचं काय व्हायचं ते होवो, त्या कव्हरवर कधी डाग पडला नाही.

आमच्या शाखेकडे इगतपुरी-त्र्यंबक बाजूचे एकतीस लहानमोठे पूल होते. दर वर्षी प्रत्येक पुलाखाली उतरायचं, खांब, पाया, तुळया सगळं हात लावून पाहायचं, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि पुलाला नऊपैकी गुण द्यायचे, असा नियम. नऊ म्हणजे कोरा करकरीत. शून्य म्हणजे पडलेला. तीन किंवा त्याखाली गेला, की तो दुरुस्तीच्या यादीत जातो आणि त्यावरची वाहतूक थांबवायचा हुकूम निघतो. नियम चांगला आहे. ज्याने केला त्याला नवनाथ माहीत नव्हता, एवढंच.

नवनाथची पाहणी कशी असायची ते सांगतो. तो पांढरे कॅनव्हासचे बूट घालून यायचा. ज्याला ओढ्यात उतरायचं आहे तो माणूस पांढरे बूट घालत नाही, हे ड्रायव्हरलाही कळायचं. घोटीला जीप थांबायची, भजी व्हायची, चहा व्हायचा. मग पूल. जीप पुलाच्या मधोमध उभी राहायची, इंजिन चालूच. नवनाथ काच खाली करायचा, एकदा डावीकडे बघायचा, एकदा उजवीकडे.

“रंगनाथराव, मागच्या वर्षी किती?”

मी मांडीवरचं जुनं पान उघडून सांगायचो, “सहा.”

“मग सहाच घ्या. बदललंय काय त्यात?”

जीपमधून पूल म्हणजे दोन कठडे आणि मधे डांबर एवढंच दिसतं. डांबर गेल्या वर्षीही काळंच होतं. तेव्हा सहा. एकतीस पूल दीड दिवसात आटपायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला नवनाथ घरी असायचा. तक्त्याच्या तळाला ‘समवेत पाहणी केली’ अशी एक ओळ होती. तिथे मी सही करायचो.

२०१५ साली सिंहस्थ आला. भाविकांच्या वाटेवरचे पूल रंगवून घ्या, असा वरून आदेश निघाला. कठड्यांना पिवळा-काळा रंग झाला, खांबांना चुना मारला गेला, दर्शनी बाजूला गेरूचे पट्टे आले. त्या वर्षी नवनाथने जीपमधून डोकं बाहेर काढून मनापासून म्हटलं, “वा! रंगनाथराव, यंदा सात द्यायला हरकत नाही.” आणि एकतीसच्या एकतीस पुलांना सात गुण मिळाले. पुढच्या वर्षी रंग उडाला, पण गुण उतरवायचं काही कारण घडलं नाही, म्हणून सात ते सातच राहिले. मी तेव्हा हसलो होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. एवढ्यावर ते संपलं असं आम्हाला वाटलं.

मी २०२४ साली निवृत्त झालो. पुढच्या वर्षी पाहणीच्या दिवशी नवनाथचा फोन आला. “रंगनाथराव, जांभळीला मागच्या वर्षी किती होते हो? रजिस्टर ऑफिसातच राहिलं.” मी म्हटलं, “सात.” पाहणी झाली.

त्याच दिवाळीनंतर नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने आमच्या ऑफिसासाठी एक नवं काम हाती घेतलं. पूल कोणत्या वयात किती खंगतो याचं गणित बसवायचं आणि त्यावरून कोणत्या पुलाला कोणत्या वर्षी डागडुजी लागेल ते आधीच सांगायचं. सगळे त्याला ‘मॉडेल’ म्हणायचे. कल्पना साधी होती. जुने गुण बघायचे. सहावर असलेला पूल वर्षाने पाचवर येतो असं शंभरात किती वेळा घडलं, पाचवरून चारवर किती वेळा, ते मोजायचं. मग आजच्या पुलाला पुढची वीस वर्षं लावून बघायची. पडेपर्यंत वाट बघण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे, यात शंकाच नाही. फक्त त्याला जुने गुण लागतात, आणि ते खरे लागतात.

सगळ्या शाखांकडे जुन्या नोंदी मागितल्या गेल्या. कुणाची वही वाळवीने खाल्लेली, कुणाची चार वर्षं कोरी, कुणाची ऑफिस बदलताना हरवलेली. नवनाथकडे २००५ पासून एकवीस वर्षांचे सगळे तक्ते, एकही रकाना रिकामा नाही, खोडाखोड नाही, खाकी कव्हरात. मॉडेल बसवणाऱ्यांना तर घबाडच सापडलं. अख्ख्या जिल्ह्याचं गणित नवनाथच्या एकतीस पुलांवर उभं राहिलं.

जानेवारीत त्याचा सत्कार झाला. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मलाही बोलावलं होतं, कारण सह्या माझ्याही होत्या. वरचे साहेब म्हणाले, अशा निष्ठावंत माणसांमुळेच खातं चालतं. नवनाथ शाल सावरत उठला आणि म्हणाला, “मी फक्त माझं कर्तव्य केलं.” तेवढंही त्याने केलं नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, आणि नंतर जेवताना दोन गुलाबजाम जास्त घेतले.

मॉडेलवर काम करणारी मुलगी म्हणजे सृष्टी गांगुर्डे. वय चोवीस-पंचवीस, बोलायला मवाळ, पण आकड्यांच्या बाबतीत कुणाची भीडभाड न ठेवणारी. फेब्रुवारीत ती ऑफिसात आली. त्या दिवशी मी पेन्शनच्या एका कागदासाठी तिथेच होतो. तिने लॅपटॉप नवनाथपुढे ठेवला.

“सर, एक विचारू का? तुमचे पूल म्हातारे होत नाहीत.”

“देखभाल चांगली आहे, मॅडम,” नवनाथ म्हणाला. असं बोलताना त्याचा चेहरा जराही हलला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

“नाही सर, म्हणजे अजिबातच होत नाहीत. वीस वर्षांत एकाही पुलाचा एकही गुण कमी झालेला नाही. उलट २०१५ साली एकदम सगळे एकेक गुणाने वर गेलेत. त्या वर्षी काय केलं होतं?”

नवनाथ खिडकीबाहेर बघू लागला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “रंग दिला होता.”

सृष्टी हसली नाही. तिने २०१५ पुढे ‘रंग, दर सिंहस्थाला’ असं भरलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मॉडेलने पुढच्या साठ वर्षांची देखभाल-योजना काढली. लोखंड नको, सिमेंट नको, पाया बघायला नको. दर बारा वर्षांनी रंग द्यावा, असं केल्यास एकही पूल कधीही पडणार नाही. आमच्या वीस वर्षांच्या बेफिकिरीवरून यंत्राने अगदी बिनचूक निष्कर्ष काढला होता. हसायला यायला हवं होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून आलं नाही.

“मला यातला एक तरी पूल खालून बघायचाय,” ती म्हणाली. “तुम्ही दोघंही चला. सह्या दोघांच्या आहेत.”

मार्चमध्ये आम्ही जांभळीच्या पुलावर गेलो. इगतपुरीच्या अंगाला करंजवाडी म्हणून तीसएक घरांची वस्ती आहे. तिच्या आणि डांबरी रस्त्याच्या मधे जांभळीचा ओढा. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटतं, ओढा मुरमाचा तळ खरवडत जातो. वाडीची माणसं, शाळेची पोरं, दुधाची किटली, बाळंतीण, सगळं त्या एका पुलावरून जातं. वरच्या अंगाने तासाभराची चिखलाची वाट आहे, ती कुणी हौसेने धरत नाही.

आमची जीप पुलावर नेहमीच्या जागी थांबली. सृष्टी उतरली आणि काठावरून थेट खाली गेली. नवनाथने काच खाली करून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग त्याच्या लक्षात आलं की आज एवढ्यावर भागणार नाही. पांढरे बूट काढून त्याने डॅशबोर्डवर ठेवले. वीस वर्षांत मी त्याची पावलं पहिल्यांदाच बघत होतो, गोरी आणि मऊ.

खाली एक बाई कपडे धूत होती. चाळिशीची असेल. तिने आमच्याकडे बघून हात केला. दर वर्षी करायची. तिचं नाव कमळाबाई मेंगाळ, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सृष्टी मधल्या खांबापाशी उभी होती. खांब ज्या सिमेंटच्या चौथऱ्यावर उभा असतो तो जमिनीत गाडलेला हवा. इथे तो उघडा, सगळ्यांसमोर. सृष्टीने विचारलं, “ताई, हा चौथरा कधीपासून असा बाहेर आहे?”

“कदीपासून म्हंजे?” कमळाबाईने पिळा बाजूला ठेवला. “लगीन होऊन आले तवा हा वाळूतच व्हता. नुसती कड दिसायची. तिच्यावर बसूनच कपडं आपटायची मी. आशा झाली त्या साली हा पार गुडघ्याला आला. मंग उभ्यानं आपटायला लागले. धाकटा झाला तवा कंबरंला. त्यो मोठा पूर आला ना, त्याच्यानंतर छातीला. आन आता बघा.” ती चौथऱ्याला खेटून उभी राहिली. वरची कड तिच्या गळ्याला लागत होती. “आता इतक्या वर आपटता येत नाय. म्हणून हा दगड आणलाय आपटायला.”

सृष्टीच्या हातातलं पेन थांबलं. मग तिने पिशवीतून टेप काढली, कमळाबाईचा गुडघा मोजला, कंबर मोजली, छाती, गळा.

“ब्लाउज शिवायचा काय माजा?” कमळाबाई खळखळून हसली.

सृष्टीने लग्नाचं साल विचारलं, मुलीचं वय विचारलं, धाकट्याचं वय विचारलं, पुराचं साल विचारलं. पाच सालं, पाच उंच्या; वहीत तिने त्यांची रेघ काढली. एका बाईच्या अंगावर त्या ओढ्याच्या तळाची पंचवीस वर्षांची नोंद होती, आणि खाकी कव्हरात नुसते सात होते. मी माझ्या हाताने शेकडो नकाशे काढले आहेत, पण त्या पानावर सृष्टीने काढलेली वाकडी रेघ बघून मला कमालीची लाज वाटली.

“आन खालून बी खाल्लंय,” कमळाबाई म्हणाली. “बघा वाकून.”

नवनाथ वाकला. चौथऱ्याच्या बुडाशी त्याने आपली छत्री आडवी घातली. ती जात राहिली, जात राहिली, मुठीपर्यंत गेली. खांबाखाली निम्म्या भागात जमीनच नव्हती.

मग कमळाबाईनेच विचारलं, तेही सहज. “तुमाला म्हाईतच आसंल की. तुमी दरसाल येता. गाडी थांबती, मी हात करते, तुमी बी करता. माजी सासू म्हनायची, सायब बघून जातो म्हंजे पूल ठीक हाय. म्हणून तर पोरांना यावरनं धाडतो, नायतर वरल्या वाटंनं धाडलं असतं.”

नवनाथ छत्री पुसत राहिला. मी ओढ्याच्या पाण्याकडे बघत राहिलो. सृष्टीने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं आणि वही मिटली.

परत येताना ती म्हणाली, “पायापुरतं हेच एकटं गणित धरलं, तर पूल एखाददुसरा पावसाळा टिकेल. याला दोन गुणही जास्त आहेत. सर, तुम्ही नवीन नोंद करा. दोन लिहा. आपोआप यादीत जाईल, जूनच्या आत वाहतूक बंद होईल.”

आणि इथे नवनाथने जे सुचवलं, त्यासाठी मी त्याला शेवटपर्यंत माफ करणार नव्हतो. घोटी मागे पडल्यावर तो घसा साफ करून म्हणाला, “मॅडम, सातवरून एकदम दोन दिसायला बरं दिसणार नाही. वर विचारतील, एका वर्षात असं काय झालं? आपण हळूहळू उतरवू. यंदा सहा, पुढच्या वर्षी पाच, मग चार, मग तीन. रीतसर यादीत येईल.”

“आणि ओढा थांबेल तोवर?” सृष्टीने विचारलं.

नवनाथने काच वर केली. मे अखेर त्याची निवृत्ती होती, आणि चार वर्षांचा जिना त्याने दुसऱ्याच्या पायासाठी बांधला होता. असला भेकड माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला म्हटलं. ती म्हणाली, “तुम्ही काय बोललात गाडीत?” मी म्हटलं, माझा काय संबंध, मी रिटायर झालोय.

एप्रिल गेला. नवनाथने सहा लिहिले की पाच, हे मी विचारलं नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सृष्टीचा फोन आला. “काका, सरांनी दोन लिहिले.”

मला खरं वाटेना. मी ऑफिसात गेलो. नवनाथ कॉम्प्युटरवरच्या मुलीशेजारी स्टूल ओढून बसला होता. दाढी वाढलेली. पायात साध्या चपला. त्याच्या टेबलावर त्याच दिवशीच्या निरोप समारंभाचं निमंत्रण पडलं होतं, त्याच्याच अक्षरात. मला बघून तो म्हणाला, “रंगनाथराव, परवा मी एकटाच गेलो होतो बसने. कमळाबाई नव्हती. तिची मुलगी होती, आशा. पुलावरून सायकल हातात धरून येत होती. मला बघून तिने हात केला.” एवढंच म्हणाला.

पण गोष्ट एवढ्यावर सुटणार नव्हती. कॉम्प्युटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा दोन टाकत होती आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा लाल पट्टी येत होती. ‘मागील नोंदींनुसार असा बदल संभवत नाही. नोंद तपासून दुरुस्त करा.’ ही चाळणी सृष्टीनेच बसवली होती. कुणी हयगयीने भलताच आकडा टाकला तर तो पकडला जावा म्हणून. गेल्या वीस वर्षांत आमचा एकही खोटा आकडा त्या चाळणीने अडवला नसता, कारण ते सगळे एकसारखे होते. अडवला तो पहिला खरा.

सृष्टी तिथेच उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. “मी ती चाळणी एकटीने काढू शकत नाही. आता ती वरच्या ऑफिसच्या ताब्यात आहे. एकच मार्ग आहे. जांभळीच्या जुन्या नोंदी विश्वासार्ह नाहीत असं लेखी द्यायचं. एकेका वर्षासाठी वेगळं. पाहणी करणाऱ्याची सही आणि समवेत असणाऱ्याची सही. मग त्या नोंदी गणितातून निघतात आणि नवीन नोंद आत जाते.”

“त्याने चौकशी लागेल,” मी म्हटलं.

“लागेल,” नवनाथ म्हणाला. आणि त्याने ड्रॉवरमधून कागद काढले.

त्या दिवशी निरोपाचा हार वाळत राहिला, समोशांचं खोकं तसंच राहिलं आणि नवनाथ सांगळे लिहीत बसला. ‘सन २००५. या वर्षी मी जांभळी पुलाखाली उतरलो नाही. गुण मागील वर्षाचे पाहून दिले.’ सही. ‘सन २००६. या वर्षी मी जांभळी पुलाखाली उतरलो नाही.’ सही. पट्टी लावून, शिरोरेघ सरळ, निळी-काळी शाई. २०१५ च्या कागदावर त्याने एक वाक्य जास्त लिहिलं, ‘रंग पाहून गुण वाढवला.’ एकवीस कागद झाले. शेवटचा, गेल्या वर्षीचा, त्याच्या एकट्याच्या सहीचा होता. बाकीचे वीस त्याने एका खाकी पाकिटात घातले आणि माझ्यापुढे केले.

“रंगनाथराव, तुमची सही.”

मी खिसे चाचपले. म्हटलं, “चष्मा घरी राहिला. वाचल्याशिवाय कशी करू? घेऊन जातो, उद्या आणून देतो.”

चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात होता. नवनाथला दिसत होता. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि कव्हरावर धूळ नव्हती तरी रजिस्टर पुसायला घेतलं.

त्याला आज नऊ दिवस झाले. नवनाथ निवृत्त झाला. सृष्टीचे सहा फोन आले, मी दोन घेतले. मला भीती वाटते. चौकशी, पेपरात नाव, जावयाकडच्या मंडळींत होणारी चर्चा, या सगळ्याची भीती वाटते. आणि दुसरं असं, की वीस वर्षं मी त्या माणसाला मागच्या सीटवरून तुच्छ लेखत आलो, त्याच्यावर हसलो, त्याच्या बुटांवर हसलो, आणि हसणारा माणूस वेगळा असतो असं मी धरून चाललो. ‘मागच्या वर्षी किती’ हे तो विचारायचा. ‘सहा’ हे उत्तर मी द्यायचो. तोंड माझं होतं.

काल बायकोने पाकीट बघितलं. तिने ते उघडलं नाही, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि पोळी वाढली.

नवनाथ कसा माणूस होता हे लोकांना कळावं म्हणून हे लिहायला बसलो होतो. लिहायला चार दिवस लागले. वीस सह्यांना दहा मिनिटं लागली असती. या चार दिवसांत इगतपुरीला पाऊस लागलाय, शाळा पुढच्या सोमवारी उघडते, आणि करंजवाडीची पोरं कोणत्या वाटेने जाणार हे मला माहीत आहे, कारण दर वर्षी कमळाबाईने हात केला की मीही मागच्या काचेतून हात करत होतो.

चष्मा लावला आहे. पहिला कागद २००५ चा.